सुविचार फळ्यावर, झाडू मुलींच्या हाती: माध्यमिक शाळेत मूल्यं कशी रुजतात

महाराष्ट्रातल्या कुठल्याही माध्यमिक शाळेत सकाळी गेलात तर परिपाठ कानावर पडतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, पसायदान. वीसेक मिनिटांत समता, बंधुता, सत्य, श्रमप्रतिष्ठा हे सगळे शब्द होऊन जातात. मग मुलं रांगेने वर्गात जातात. तिथे पुढे काय होतं तेही बघायला हवं. वर्ग झाडायचा असेल तर झाडू मुली उचलतात. बाकं हलवायची असतील तर मुलगे पुढे होतात. पंधरा ऑगस्टला पाहुण्यांना ओवाळायला आणि फुलं द्यायला मुली, माइक आणि खुर्च्यांची व्यवस्था मुलग्यांकडे. हे कुणी बैठक घेऊन ठरवलेलं नसतं. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय, म्हणून कुणाच्या डोळ्यांवरही येत नाही. स्त्री-पुरुष समानता हे मूल्य सकाळी साडेसात वाजता उच्चारलं गेलं आणि आठ वाजता त्याच्या उलट धडा गिरवून झाला.

शिक्षणशास्त्रात याला छुपा अभ्यासक्रम म्हणतात. पुस्तकात नसलेला, तासिकेत नसलेला, पण शाळेच्या रोजच्या चालीरीतींतून मुलांच्या अंगात भिनणारा. मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि माझं म्हणणं एवढंच आहे की मुलांची नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक जडणघडण मुख्यतः या छुप्या अभ्यासक्रमात होते. ती सुधारायची तर उपदेशाचा आणखी एक तास वाढवून भागणार नाही. शाळेचा दिवस कसा चालतो ते बदलावं लागेल, आणि त्या दिवसात मुलांना खरेखुरे निर्णय घ्यायची जागा द्यावी लागेल.

कागदावर कमतरता नाही

१९६४-६६ च्या कोठारी आयोगाने सामाजिक, नैतिक आणि आध्यात्मिक मूल्यांच्या शिक्षणाची शिफारस केली होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभा घटक दिले. त्यांत स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास, संविधानिक जबाबदाऱ्या, सामाईक सांस्कृतिक वारसा, पर्यावरण संरक्षण, वैज्ञानिक दृष्टिकोन असे विषय आले. आपल्याकडे डी.एड., बी.एड. केलेल्या कुणालाही विचारा, गाभा घटकांबरोबर दहा मूल्यंही तोंडपाठ असतात: श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, वैज्ञानिक दृष्टिकोन, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा.

ही यादी पुन्हा एकदा नीट वाचा. शेवटची दोन मूल्यं दारात उभं राहून तपासता येतात: नखं कापली का, केस कापले का, गणवेशाला इस्त्री आहे का, घंटेआधी आलास का. संवेदनशीलता किंवा सर्वधर्मसहिष्णुता अशी गेटवर तपासता येत नाही. म्हणून शाळेचा सगळा जोर जे दिसतं त्यावर जातो, आणि वर्षाअखेर 'शिस्तप्रिय शाळा' असा लौकिक मिळतो. शिस्त वाईट असं कुणी म्हणणार नाही. पण केस बारीक कापलेला, वेळेवर येणारा मुलगा वर्गातल्या दुसऱ्या मुलाला त्याच्या आडनावावरून चिडवत असेल, तर दहापैकी दोनच मूल्यं त्याच्यापर्यंत पोचली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक पाऊल पुढचं आहे. लहान वयातच 'योग्य ते करण्याचं' महत्त्व सांगावं, नैतिक निर्णय घ्यायला तर्काची चौकट द्यावी, आणि पुढच्या वर्गांत कॉपी, हिंसा, दुसऱ्याचं लेखन उचलणं, अस्वच्छता, सहिष्णुता, समानता अशा विषयांवर ती वाढवावी, असं त्यात म्हटलं आहे. निर्णय घ्यायला शिकवणं, ही यातली कळीची गोष्ट आहे.

तेरा ते सोळा: या वयात काय बदलतं

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५० च्या दशकात शिकागोतल्या दहा ते सोळा वयाच्या मुलग्यांना पेचात टाकणाऱ्या गोष्टी सांगितल्या आणि 'तू काय करशील' यापेक्षा 'का' यावर भर दिला. त्यातून त्यांनी नैतिक विचारांच्या पायऱ्या मांडल्या. आपल्या ओळखीच्या प्रश्नावर त्या लावून बघू: कॉपी का करू नये?

पाचवीतला मुलगा बहुधा म्हणेल, 'पकडलं तर सर मारतील.' इथे योग्य-अयोग्य शिक्षेवरून ठरतं. आठवी-नववीत उत्तर बदलतं: 'बाईंना काय वाटेल? घरचे काय म्हणतील?' आता माणसांच्या नजरेतली आपली किंमत महत्त्वाची झाली. पण याच पायरीवर उभा असलेला मुलगा असंही म्हणतो, 'मित्राला पेपर दाखवला नाही तर तो आयुष्यात बोलणार नाही.' दोन्ही उत्तरांमागचं कारण एकच: आपल्या माणसांना धरून राहायचं. पुढची पायरी येते तेव्हा मुलगी म्हणते, 'मार्कांवर कुणीतरी विश्वास ठेवून प्रवेश देणार आहे. सगळ्यांनी कॉपी केली तर अभ्यास करणाऱ्याला काय उरलं?' नियम कशासाठी आहे हे तिला दिसायला लागलं.

माध्यमिक शाळेची मुलं साधारण मधल्या पायरीवर असतात आणि तिथून पुढे सरकायची त्यांची तयारी झालेली असते. कोलबर्ग यांच्या मांडणीवर टीकाही झाली. त्यांच्याच सहकारी कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये मांडलं की न्यायाच्या तर्काइतकंच दुसऱ्याची काळजी घेणं हेही नैतिक विचाराचं मूळ असतं, आणि निव्वळ मुलग्यांवर केलेल्या अभ्यासातून ते निसटलं. दुसरा आक्षेप अधिक साधा आहे. छान उत्तर देणारं मूल तसं वागेलच असं नाही.

हा दुसरा आक्षेप तर फार जुना आहे. १९२० च्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेत दहा हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास केला. परीक्षेत, खेळात, पैशांच्या बाबतीत फसवणूक करायची संधी मुलांसमोर ठेवली. एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी फसवणूक करत होतं. प्रामाणिकपणाबद्दल मुलाला किती माहिती आहे यावरून ते कसं वागेल याचा अंदाज बांधता येत नव्हता. प्रसंग कसा आहे, आजूबाजूचे काय करताहेत, यावर बरंच काही अवलंबून होतं.

या वयात आजूबाजूचे म्हणजे मित्र. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ होता. काहींना तो एकटं असताना खेळायला दिला, काहींना मित्र बघत असताना. मित्र जवळ असले की किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करत; प्रौढांवर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे एकेका मुलाला स्टाफरूममध्ये बोलावून समजावणं या वयात फार पुरं पडत नाही. बदल व्हायचा तर गटात व्हावा लागतो. ज्या मित्रांच्या भीतीने मूल गप्प बसतं, त्यांच्यासमोर आणि त्यांच्यासकट.

एका स्टिकरची गोष्ट

नववीच्या एका वर्गातला प्रसंग. गॅदरिंगमध्ये नाचताना एका मुलीचा चेहरा वेडावाकडा आलेला फोटो कुणीतरी कापून त्याचं व्हॉट्सॲप स्टिकर केलं. वर्गाच्या ग्रुपवर ते फिरलं. मुलगी शाळेत यायची थांबली. अशा वेळी नेहमीची पद्धत ठरलेली: कुणी केलं ते शोधा, पालकांना बोलवा, ग्रुप बंद करा. मुलं त्यातून एकच शिकतात, की पुढच्या ग्रुपमध्ये बाईंना कळेल असा कुणी नको.

आम्ही आधी त्या मुलीशी बोललो आणि तिच्या संमतीने वर्गात ती घटना दुसऱ्या शाळेतली म्हणून मांडली. तपशील बदलले. फळ्यावर एक आडवी रेघ काढली. एका टोकाला स्टिकर बनवणारा, मग पहिल्यांदा पाठवणारा, मग हसण्याचे इमोजी टाकणारे, मग नुसतं बघणारे. प्रत्येकाने आधी दोन मिनिटं वहीत लिहायचं: या रेघेवर कुणाचा किती वाटा? लिहून घेणं महत्त्वाचं, नाहीतर पहिली तीन मोठ्या आवाजाची मुलं वर्गाचं मत ठरवून टाकतात.

एक मुलगा म्हणाला, "बाई, बघणाऱ्यांनी काय केलं? त्यांनी फक्त बघितलं."

मागच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला, "बघणारे चाळीस होते म्हणून तर त्याने अजून दोन बनवले."

इथे शिक्षकाला 'शाब्बास, बरोबर' म्हणायचा मोह होतो. तो आवरायचा. आम्ही पुढचा प्रश्न विचारला: त्या क्षणी 'हे डिलीट कर' असं ग्रुपवर लिहिलं असतं तर काय झालं असतं? उत्तरं भराभर आली. ग्रुपमधून काढलं असतं. 'तुझी कोण लागते ती' म्हणाले असते. पुढचं स्टिकर माझं झालं असतं. आता चर्चा खऱ्या जागी आली, कारण चांगलं वागण्याची किंमत मुलांनी स्वतः सांगितली. उपदेशात ही किंमत कधी येत नाही, आणि म्हणून मुलांना तो खोटा वाटतो. मग किंमत कमी कशी करता येईल यावर मुलंच बोलू लागली. बनवणाऱ्याला ग्रुपवर न लिहिता खासगीत सांगायचं. एकट्याने बोलायचं नाही, तिघांनी एकदम लिहायचं. त्या मुलीला मेसेज करायचा की आम्ही तुझ्याबरोबर आहोत. हा शेवटचा उपाय एका अगदी अबोल मुलाने सुचवला.

पूर्ण तासभर चर्चा झाली, निकाल लावला नाही. पण तटस्थही राहिलो नाही. कुणाचा अपमान करणं बरोबर की चूक हा मतदानाचा विषय नाही, हे स्पष्ट सांगितलं. मोकळा प्रश्न होता तो 'अशा वेळी मी काय करू शकतो' हा. आणि हेही लक्षात ठेवायला हवं की प्रकरण अश्लील फोटोचं किंवा लैंगिक छळाचं असेल तर ते वर्गचर्चेचं नव्हेच. तिथे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

कोण कुणाशेजारी बसतं

सामाजिक विकास म्हणजे आपल्यासारख्या नसलेल्या माणसांबरोबर बरोबरीने काम करता येणं. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितलं होतं की निरनिराळे गट नुसते एकत्र आले म्हणजे पूर्वग्रह जातात असं नाही. दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, सहकार्य लागणारं काम हवं, आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा.

उत्तर प्रदेशात अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी हे क्रिकेटमधून तपासलं. खेळाडू सगळेच शाळकरी नव्हते, बहुतेक तरुण होते. मिश्र जातींच्या संघात एकत्र खेळलेल्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली. पण दुसऱ्या जातीच्या मुलांविरुद्ध खेळलेल्यांवर परिणाम उलटा झाला. शाळांनी यावर विचार करावा. मुलांचे हाऊस (गट) पाडताना, संघ निवडताना, सहलीत बसच्या जागा ठरवताना कोण कुणाच्या बाजूने आणि कोण कुणासमोर उभं राहणार, हे आपण ठरवत असतो.

दिल्लीतल्या खासगी शाळांत गरीब मुलांसाठी जागा राखीव झाल्या, तेव्हा गौतम राव यांनी तिथल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. गरीब वर्गमित्र मिळालेली मुलं अधिक उदार झाली, गरिबांशी भेदभाव कमी करू लागली. हिंदी आणि गणिताच्या गुणांवर परिणाम झाला नाही, इंग्रजीत थोडी घट झाली. पालकांना ही घट खुपेल याची मला कल्पना आहे. तरी माझ्या मते हा सौदा फायद्याचाच आहे.

आता आपल्या तुकड्यांकडे बघा. 'अ' तुकडीत हुशार मुलं, 'ड' मध्ये उरलेली. कागदावर ही वाटणी गुणांची. प्रत्यक्षात 'ड' तुकडीत झोपडपट्टीतली, ऊसतोडीला जाऊन येणाऱ्या घरांतली, घरी दुसरीच भाषा बोलणारी मुलं जास्त दिसतात. अनुभवी शिक्षक 'अ' ला, पंखा बिघडलेला वर्ग 'ड' ला. उद्देशिकेतली दर्जाची व संधीची समानता दोन्ही तुकड्या रोज एकाच मैदानात उभं राहून म्हणतात. तुकड्या मिश्र करणं हा मूल्यशिक्षणाचा सगळ्यात मोठा उपक्रम ठरेल, आणि त्याला एक रुपयाही खर्च नाही. विरोध मात्र होतो, बहुधा 'अ' तुकडीच्या पालकांकडून.

मुलगे-मुली यांच्या बाबतीत हरियाणातला प्रयोग मला सर्वांत आशादायक वाटतो. 'ब्रेकथ्रू' या संस्थेने सोनीपत, पानिपत, रोहतक आणि झज्जर जिल्ह्यांतल्या सरकारी शाळांत अडीच वर्षं कार्यक्रम चालवला. साधारण तीन आठवड्यांतून एकदा पाऊण तासाचं सत्र, त्यात घरकाम कुणाचं, मुलीने किती शिकावं, कुणी नोकरी करावी यांवर चर्चा. अभ्यासात एकूण ३१४ शाळा होत्या. काहींत कार्यक्रम, काहींत नाही, म्हणजे तुलना चोख करता आली. संशोधन डिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन यांचं. मुलामुलींची मतं समतेकडे झुकली, मुलगे घरकामात जास्त हात लावू लागले, आणि कार्यक्रम संपून दोन वर्षं झाल्यावरही फरक टिकून होता. महिन्याला साधारण एक तास, पण अडीच वर्षं नेटाने. एका दिवसाचं शिबिर किंवा एक व्याख्यान ठेवून आपण जे साधू बघतो, ते या सातत्याने साधलं.

डब्यातला वास आणि घरची बोली

मधल्या सुट्टीत काही मुलं डब्याचं झाकण अर्धंच उघडतात. सुकट किंवा बोंबील असेल तर कुणीतरी नाक धरतं, आणि पुढच्या आठवड्यापासून ते मूल एकटं खायला लागतं. काही मुलं वर्गात बोलतच नाहीत, कारण अहिराणी, कोरकू, भिली किंवा गोंडी वळणाचा शब्द तोंडातून गेला की हशा पिकतो, आणि कधी कधी शिक्षकही 'शुद्ध बोल' म्हणतात. सांस्कृतिक विकास इथे अडतो. गॅदरिंगला लावणी आणि कोळीगीत बसवलं म्हणून तो होत नाही.

करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते अवघड नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. नववीच्या मुलांनी आपापल्या आजीकडून दोन-दोन ओव्या, म्हणी किंवा शेतीची गाणी लिहून आणली तर मराठीच्या तासाला केवढं भांडार होईल. बोलीतला मजकूर बोलीतच लिहायचा, अर्थ प्रमाण मराठीत सांगायचा. आणणारं मूल त्या दिवशी शिक्षक.

धर्माबद्दल शाळा फार बिचकतात, म्हणून कायदा सरळ सांगते. संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला त्यात किंवा उपासनेत बसवता येत नाही. पण निरनिराळ्या धर्मांबद्दल माहिती देणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलं. रमजानचा रोजा कशासाठी, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर लोक का जमतात, वारी कशी चालते, नाताळात चर्चमध्ये काय होतं, हे वर्गात बोलता येतं. फक्त वर्गात त्या धर्माचं एकच मूल असेल तर त्याला सगळ्या धर्माचा प्रतिनिधी करून उभं करू नये. त्याला बोलावंसं वाटलं तर ते बोलेल.

वेळ, मार्क आणि पालक

'दहावीचं वर्ष, वेळ कुठून आणायचा?' हा प्रश्न खरा आहे. पण वेळ वेळापत्रकात आहेच. नववी-दहावीला स्व-विकास व कलारसास्वाद हा श्रेणीचा विषय आहे. अनेक शाळांत तो तास गणित-विज्ञान घेऊन जातं. वर्गशिक्षकाचा पहिला तास आहे, स्काउट-गाइड आहे, ऑफ तास आहेत. आठवड्यातून एक तास जरी अडवून ठेवला आणि त्यात वर्गसभा घेतली, तरी वर्षाला पंचवीस-तीस सभा होतात. सभेत खरे अधिकार हवेत: सफाईची पाळी, सहलीचं ठिकाण, ग्रंथालयाची वेळ, वर्गातली भांडणं. मुलांनी ठरवलेलं मुख्याध्यापकांनी कारण न देता फिरवलं, तर पुढच्या सभेत कुणी तोंड उघडणार नाही.

यावर मार्क देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. संवेदनशीलतेला श्रेणी लावली की मुलं संवेदनशीलतेचं नाटक करू लागतात. तपासायचं असेल तर शाळा तपासावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली आहे. तरी छडीची जागा टोमण्याने घेतली असेल तर मुलं टोमणाच शिकणार.

पालकांनीही शिक्षक-पालक सभेत फक्त चाचणीचे गुण विचारू नयेत. माझ्या मुलाच्या गटात कोण कोण आहे, गेल्या महिन्यात वर्गाने स्वतः कोणता निर्णय घेतला, हे विचारावं. राज्यात १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळास्तरावर मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आली आहे. तिची शेवटची बैठक कधी झाली, तक्रारपेटी कधी उघडली, चावी कुणाकडे असते आणि आलेल्या चिठ्ठीचं पुढे काय झालं, हेही विचारावं, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.